अर्ध्या इंचाची तार

जानराव लोणारे १९५७ साली भिलाईला उतरले, तेव्हा तिथे कारखान्यापेक्षा कारखान्याच्या पाट्या जास्त होत्या. इथे भट्टी होणार, इथे रोलिंग मिल होणार, इथे दवाखाना होणार. पाट्यांच्या मधून लाल धूळ उडत असे आणि धुळीतून माणसं. आमची शुभोदय कन्स्ट्रक्शन कंपनी रस्त्यांसाठी गिट्टी पुरवायची. कंपनीचं ऑफिस भिलाईत, पत्र्याच्या तीन शेडमध्ये. गिट्टीची खदान वीस मैलांवर, माळावर. मी ऑफिसात टायपिस्ट होतो. जानरावांसंबंधी कंपनीने जेवढे कागद केले, त्यातले बहुतेक माझ्याच मशीनवरून निघाले, म्हणून ही हकिकत मला तपशिलाने ठाऊक आहे.

जानराव कामठीजवळचे. लढाईच्या दिवसांत तिथल्या लष्करी वायरलेस वर्कशॉपमध्ये ते झाडू मारायला लागले. सहा वर्षांनी बाहेर पडले तेव्हा त्यांना बिघडलेला कुठलाही सेट नुसत्या आवाजावरून ओळखता येत होता. एका मद्रासी हवालदाराने त्यांच्या हातातला झाडू काढून सोल्डरिंग आयर्न दिलं होतं, पण ही अदलाबदल कागदावर कुठेच नोंदवलेली नव्हती. दाखल्यावर ‘मजूर’ असंच होतं. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली आणि पुढच्या वर्षी ते बायको भागाबाई आणि एक पत्र्याची पेटी घेऊन दुर्गच्या गाडीत बसले. पेटीत कापसात गुंडाळलेले वायरलेसचे तीन व्हॉल्व्ह होते. लढाई संपल्यावर वर्कशॉपने भंगारात काढलेले, कामठीच्या कबाड्याकडून आणलेले. सुपारीएवढे काचेचे मणी, आणि पाय खाली असायच्या ऐवजी कमरेभोवती फुटलेले.

कंपनीने दाखला वाचला आणि त्यांना खलाशी, म्हणजे हाताखालचा गडी म्हणून ठेवलं. काम काय, तर वायरलेसच्या खोलीत धूळ पुसणं.

वायरलेस ही कंपनीची मोठी मिरवायची गोष्ट होती. कंत्राटात ‘संदेशवहनाची आधुनिक व्यवस्था’ अशी अट होती, म्हणून दोन सेट आणले होते, एक ऑफिसात आणि एक खदानीत. ऑफिसातून बोललेलं खदानीत पोचायचं. खदानीतला सेट मात्र बॅटरीवरचा, दुबळा. तिथून बोललेलं इकडे यायचं ते तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं, नुसतं चर्र. यावर कंपनीने तोडगा काढला होता. खदानीतून प्रत्येक संदेश आधी वायरलेसवर पाठवायचा आणि मग खात्रीसाठी त्याची एक प्रत सायकलवरून पाठवायची. रामाजी नावाचा एक धिप्पाड माणूस ही प्रत घेऊन अडीच तासांत यायचा. प्रत हातात पडली की ऑपरेटर दौलतराव रजिस्टरमध्ये लिहायचे, ‘वायरलेस संदेश मिळाला.’ दोन वर्षं हे चाललं होतं आणि कोणाची काही तक्रार नव्हती.

जानरावांनी आठवडाभर धूळ पुसता पुसता तो चर्र आवाज ऐकला. मग दौलतरावांना म्हणाले की सेट बहिरा नाही, त्याच्या पहिल्या व्हॉल्व्हची स्वतःचीच खरखर इतकी आहे की बाहेरचा बारीक आवाज तिच्यात बुडतो. सेटच्या आधी एक लहान अँप्लिफायर बसवला, जो स्वतः कमी खरखरतो, तर खदान ऐकू येईल. दौलतरावांनी त्यांना हेडक्लार्क गुलाबरावांकडे पाठवलं. गुलाबरावांनी नियम पाहिला. खलाशाला तांत्रिक विषयावर अर्ज करता येत नव्हता. मात्र घरच्या छंदाबद्दल अर्ज करायला कोणालाच मनाई नव्हती. त्याप्रमाणे अर्ज झाला आणि त्यावर मी टाइप केलेला शेरा असा होता: परवानगी आहे, सदर उपकरण चालल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही.

भिलाईला लागूनच रुआबांध्याला जानरावांची एक खोली होती. तिथे रविवारी त्यांचं काम चाले. वनस्पती तुपाचा रिकामा चौकोनी डबा घेतला. त्याच्या मधोमध तांब्याच्या पत्र्याची भिंत घातली, भिंतीला भोक पाडलं आणि त्या भोकात व्हॉल्व्हची सुपारी अशी बसवली की तिचं डोकं भिंतीच्या एका बाजूला आणि बूड दुसऱ्या बाजूला. आत येणारा आवाज एका खोलीत, बाहेर जाणारा दुसऱ्या खोलीत. दोघांची भेट झाली तर अँप्लिफायर स्वतःच किंचाळायला लागतो. मोडक्या इस्त्रीतलं अभ्रक फोडून, त्याच्या दोन बाजूंना तांब्याचा पातळ पत्रा लावून कंडेन्सर केले. सगळी जोडणी इतकी जवळ जवळ की आत बोट शिरत नव्हतं. कुठली तार कुठे जाते ते दिसायचं नाही, कारण तार जवळजवळ नव्हतीच. एका भागाचा पाय दुसऱ्या भागाच्या पायाला थेट चिकटवलेला.

दिसायला तो प्रकार वाईट होता, हे मी पाहिलं आहे. मांजराने खरकटं ओढून आणावं तसा.

कॉइलसाठी त्यांना जाड चांदीची तार हवी होती, तीन वेढ्यांची. ती भागाबाईंच्या पायाच्या बोटात होती. आमच्याकडे बाया बोटात चांदीच्या तारेचं वेढं घालतात, ते मोजून तीन वेढ्यांचं. हे जानरावांच्या लक्षात किती दिवस आधी आलं होतं कोण जाणे. विचारायला त्यांनी एक रविवार वाया घालवला.

“चांदीचंच कावून पाह्यजे?” भागाबाईंनी विचारलं.

जानरावांनी सांगितलं की एवढ्या वेगाची वीज तारेच्या आतून जात नाही, वरच्या वर, कातडीवरून जाते. म्हणून तारेची कातडी चांगली लागते.

“मंग थे वीज बी कंपनीवाल्याईसारखीच हाय म्हना,” भागाबाई म्हणाल्या. “आतमंदी काय हाय थे पाह्यतच नाई. कातडीच पाह्यते.” आणि त्यांनी वेढं काढून दिलं. परत मिळेपर्यंत दुसरं घालणार नाही, असंही बजावलं.

वेढं बसवलं. मग बांबूच्या काडीने त्याचे फेरे केसभर लांब, केसभर जवळ करत जानरावांनी तो अँप्लिफायर सुरात आणला. ऑफिसात डबा जोडायचा दिवस ठरला, तेव्हा कॅम्प मॅनेजर कृष्णराव दाणी साहेब स्वतः आले. दाणी साहेब रस्त्यांचे इंजिनियर. रस्ते उत्तम बांधायचे. त्यांच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट रस्त्यासारखी असावी, सरळ आणि दोन्ही बाजूंना चुना मारलेली. त्यांच्यामागे गुलाबराव, दौलतराव, मी, आणि प्रत आणून नुकताच टेकलेला रामाजी.

डबा जोडल्यावर चर्र थांबलं. खोलीत कोणी माणूस येऊन बसावा तसा आवाज आला. खदानीतला ऑपरेटर भैय्याजी बोलत होता. भैय्याजी दोन वर्षं दिवसातून चार वेळा त्या यंत्रात बोलत आला होता आणि आपलं कोणीही ऐकत नाही याची त्याची पक्की खात्री होती. अशी खात्री माणसाला फार मोकळं करते. त्या दिवशी तो दाणी साहेबांच्या जेवणानंतरच्या झोपेबद्दल सविस्तर सांगत होता, त्यांच्या घोरण्याने खदानीत सुरुंग लावायची गरज उरलेली नाही, असं काहीतरी. नंतर गुलाबरावांचा विषय निघाला. मध्ये एकदा त्याने ‘ओव्हर’ म्हटलं आणि उत्तराची वाट न पाहता पुढे चालू केलं.

 दाणी साहेबांचा चेहरा ताज्या डांबरासारखा झाला होता. शेवटी जानराव हळूच म्हणाले, “आवाज साफ हाय साहेब.”

भैय्याजीला ताकीद गेली. ती मी टाइप केली आणि ती सायकलवरून पाठवली, वायरलेसवर वाचायला कोणी धजेना. पण अँप्लिफायर चालतो हे आता नाकारता येत नव्हतं. महिनाभर खदानीचा शब्द न् शब्द ऐकू आला. सायकलचं काम संपलं तसा रामाजी रोज ऑफिसच्या पायरीवर येऊन बसायचा आणि आपलं पुढे काय, हे कोणी सांगेल याची वाट बघायचा.

मग कलकत्त्याहून पत्र आलं की कंपनीचे डायरेक्टर पाहणीला येत आहेत.

दाणी साहेबांनी डब्याचं झाकण उघडलं आणि त्यांना धक्काच बसला. हे असलं काही डायरेक्टरांना दाखवायचं? डब्यावर अजून खजुराच्या झाडाचं चित्र होतं. त्यांनी हुकूम दिला की लोखंडी कपाट करा, हिरवा रंग द्या, नावाची पितळी पाटी लावा आणि आतल्या सगळ्या तारा काटकोनात, नीट जुड्या बांधून, लेबल लावून न्या. जानरावांनी त्यांना भेटून सांगितलं की तसं चालणार नाही.

“साहेब, या वेगाले अर्ध्या इंचाची तार बी तार नाई राहत, थे कॉइल होते. जेवढी लांब कराल तेवढा आवाज तिच्यातच अडकून राह्यते.”

दाणी साहेबांनी शांतपणे ऐकलं. मग ते म्हणाले की तार म्हणजे तार, आणि विजेला सरळ रस्ता दिला तर ती वाकड्या रस्त्यापेक्षा लवकरच पोचेल. हा त्यांचा अनुभव होता आणि रस्त्यांच्या बाबतीत तो खरा होता.

काम दौलतरावांनी केलं, आणि चांगलं केलं. दोन-दोन फुटांच्या तारा, मेण लावलेल्या दोऱ्याने बांधलेल्या, लष्करी कवायतीत उभ्या. गुलाबरावांनी आतल्या भागांची यादी केली. त्यात एका ओळीत होतं, ‘दागिना, स्त्रियांचा, पायातील, चांदी, नग एक.’ भागाबाईंना त्याची पोच देण्यात आली.

कपाट चालू केलं तेव्हा ते कुत्र्यासारखं विव्हळू लागलं. आत येणारा आवाज आणि बाहेर जाणारा आवाज एकाच जुडीत बांधले होते, दुसरं काय होणार. जानरावांना त्या दिवशी स्टोअरमध्ये गोणपाटं मोजायला पाठवलं होतं. डायरेक्टर आले, कपाटाचा रंग पाहून खूश झाले आणि हा आवाज कसला म्हणून त्यांनी कपाटावर हात ठेवला. विव्हळणं थांबलं. भैय्याजी स्पष्ट ऐकू आला, आणि आता तो फक्त गिट्टीबद्दल बोलत होता. डायरेक्टरांनी हात काढला, पुन्हा विव्हळणं. हात ठेवला, गिट्टी.

माणसाचं अंगही थोडंफार कंडेन्सरचं काम करतं, असं जानरावांनी मला नंतर समजावून सांगितलं. कपाटाजवळ कोणीही हात नेला असता तरी तेच झालं असतं. पण त्या खोलीत त्या वेळी हे कोणाला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी कोणी बोललं नसतं. गुलाबरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. हाताचा गुण, असं ते म्हणाले. दुपारच्या सभेत डायरेक्टरांनी स्वतःच विचारलं की आपण गेल्यावर हात कोण ठेवणार. त्यावर ठराव झाला. ‘अँप्लिफायर अटेंडंट’ अशी जागा पाच वर्षांसाठी मंजूर झाली. काम एकच, कपाटावर उजवा हात ठेवणे. इतर कोणीही कपाटाला हात लावू नये, असंही ठरावात होतं. जागेवर रामाजीची नेमणूक झाली.

जानरावांनी हे ऐकलं तेव्हा ते हसले नाहीत. एका दुपारी त्यांनी मला सांगितलं की आपल्याला हे दोन तासांत दुरुस्त करता येईल. पण रामाजीच्या घरी चार तोंडं आहेत, आणि आपण दुरुस्त केलं की त्याचा हात रिकामा. तर राहू द्यावं. रामाजीही मनापासून नोकरी करत होता. स्टुलावर बसून, डोळे मिटून, हात ठेवून. नवीन माणूस आला तर त्याला वाटायचं हा कपाटाला आशीर्वाद देतो आहे.

हे सगळं असंच चाललं असतं. पण खदानीत सुरुंग उडवायची वेळ चार वाजताची होती आणि एका बुधवारी आभाळ भरून आलं म्हणून तिथल्या मुकादमाने ती दोनवर आणली. भैय्याजीने वायरलेसवर सांगितलं, दोनच्या आत ट्रक पाठवू नका. त्या वेळी रामाजी पाणी प्यायला उठला होता. कपाट विव्हळत होतं. दौलतराव खुर्चीत, कपाटापासून दोन हातांवर बसले होते. हात लांब केला असता तर पुरला असता. पण ठराव होता. त्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘अटेंडंट जागेवर नाही, सबब संदेश मिळाला नाही,’ आणि वेळ घातली. एक वाजून पाच मिनिटं.

सव्वाला ट्रक निघाला. त्यात दगड भरायला जाणाऱ्या बाया होत्या. खदानीच्या वळणावर असताना सुरुंग उडाला. एक दगड टपावर पडला, एक फाळक्याला लागून आत आला. कोणी मेलं नाही. शेवंता नावाच्या बाईचा हात कोपराखाली मोडला. ती रुआबांध्याला जानरावांच्या घरामागेच राहायची.

संध्याकाळी जानराव घरी पोचले तेव्हा भागाबाई तिच्याकडून परत आल्या होत्या. त्यांनी नवऱ्यापुढे ताट ठेवलं आणि समोर बसल्या.

“तुमाले ठाऊक होतं ना, थे कपाट खराब हाय म्हून?”

“हाव.”

“मंग गुमान कावून राह्यले?”

जानरावांनी रामाजीच्या नोकरीचं सांगितलं. भागाबाईंनी ते पुरतं ऐकून घेतलं.

“एकाचा हात कामाले लागावा म्हून दुसरीचा मोडला,” त्या म्हणाल्या. “माह्यं वेढं मी बाया माराले नाई देल्लं.”

जानरावांनी मला नंतर सांगितलं की ताट तसंच राहिलं. राग कोणाचा धरावा तेच कळेना, कारण प्रत्येकाने नियमाप्रमाणेच केलं होतं, आणि आपणही गप्प बसलो ते चांगुलपणाच्या नियमानेच. तेच त्यांना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता, ऑफिस उघडल्यावर, सगळ्यांच्या देखत ते वायरलेसच्या खोलीत शिरले. त्यांच्या काखेत तो खजुराच्या चित्राचा, आता रिकामा झालेला डबा होता. त्यांनी दौलतरावांना नमस्कार केला, कपाट उघडलं आणि पक्कडीने जुड्या कापायला सुरुवात केली. दौलतराव ओरडले. गुलाबराव धावत आले. जानरावांनी सुपारी काढली, वेढं काढलं, अभ्रकाचे तुकडे काढले, आणि तिथेच जमिनीवर बसून सगळं पुन्हा डब्यात बसवलं, पूर्वीसारखं, एकमेकांना चिकटून. बाराच्या सुमारास भैय्याजीचा आवाज आला. तो शेवंताच्या हाताची चौकशी करत होता. कोणी कुठेही हात ठेवलेला नव्हता.

कंपनीने त्यांना त्याच दुपारी निलंबित केलं. आरोपपत्र मीच टाइप केलं: ‘कंपनीच्या सुव्यवस्थित तारा हेतुपुरस्सर अव्यवस्थित केल्या.’ चौकशीला बाहेरून एक निवृत्त कॅप्टन बोलावले, लष्कराच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे वायरलेसच्या खात्यात नोकरी झालेले, पांढऱ्या मिशांचे. मी लिहून घ्यायला बसलो होतो. कॅप्टनांनी आरोप वाचला, तारांचा ढीग पाहिला, मग डब्याचं झाकण उघडून बराच वेळ आत बघत राहिले.

“ही मधली भिंत तुम्हीच घातली?” त्यांनी विचारलं.

“हाव जी.”

“आणि कॉइल?”

“मालकिनीची हाय.”

त्यानंतर दीड तास दोघं जे बोलले, ते मला लिहिता आलं नाही. मला त्यातलं काही कळलं नाही आणि त्यांना माझी आठवण राहिली नाही. मध्येच कॅप्टन खिशातून पेन्सिल काढून आरोपपत्राच्या कोऱ्या बाजूवर आकृती काढू लागले. जानरावांनी ती त्यांच्याकडून घेऊन दुरुस्त केली. इतक्या दिवसांत मी जानरावांना असं सलग बोलताना पहिल्यांदाच पाहत होतो. ते खुर्चीवर बसले होते, हेही माझ्या उशिरा लक्षात आलं. ऑफिसात खलाशाला खुर्ची नसे.

निकाल कॅप्टनांनी प्रामाणिकपणे दिला. तारा अव्यवस्थित केल्या हे सिद्ध झालं, कारण त्या खरोखरच केल्या होत्या. सबब सक्त ताकीद. आणि काम उत्तम दर्जाचं, म्हणून प्रशस्तिपत्र. त्या महिन्यात स्टेशनरीची टंचाई होती. गुलाबरावांनी दोन्ही एकाच कागदावर घ्यायला सांगितलं. पुढे ताकीद, मागे प्रशस्ती. ठरावाला हात लावायचा अधिकार मात्र कोणालाच नव्हता. अटेंडंटची जागा पाच वर्षांसाठी मंजूर होती. त्यामुळे डबा टेबलावर आपलं काम करत राहिला आणि शेजारी रामाजी रिकाम्या हिरव्या कपाटावर उजवा हात ठेवून बसत राहिला. पाहुणे आले की त्यांना कपाट दाखवत. जानराव खलाशीच राहिले. शेवंताचा हात जुळला, पण थोडा वाकडा. दौलतरावांना रजिस्टर चोख ठेवल्याबद्दल त्या वर्षी बढती मिळाली.

त्रेसष्ट साली कंपनीचं कंत्राट संपलं आणि आम्ही सगळे पांगलो. जानरावांनी भिलाईतच सुपेल्याच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं लहान दुकान टाकलं. डब्याचं काय करायचं यावर कंपनीत पत्रव्यवहार झाला, आणि तो ‘निरुपयोगी, गंजलेला’ म्हणून त्यांनाच देऊन टाकण्यात आला. भागाबाईंनी वेढं पुन्हा बोटात घातलं. त्यावर सोल्डरचा एक करडा ठिपका राहिला होता, तो घासून जात नव्हता.

मी दुर्गला स्थायिक झालो, तरी जाणंयेणं होतं. अडुसष्ट की एकोणसत्तर साल असेल. तारखात्याच्या एका मनोऱ्याचं काम चालू होतं आणि तिथला एक मेकॅनिक जानरावांच्या दुकानात यायचा. त्याच्या ओळखीने आम्ही दोघं ते बघायला गेलो. मायक्रोवेव्ह म्हणतात तो प्रकार. जानरावांच्या डब्यापेक्षा कितीतरी पट वेगाचा. मेकॅनिकने खोलीतून वर मनोऱ्यापर्यंत गेलेली एक चौकोनी पोकळ नळी दाखवली. पितळेची होती बहुतेक. मी विचारलं, तार कुठे आहे? तो म्हणाला, तार नाहीच, आवाज या नळीच्या पोकळीतूनच जातो.

जानरावांनी नळीला कान लावला, मग बोटाने हलकेच वाजवून पाहिलं. मेकॅनिक त्यांना हिंदीत सांगत होता की ही नळी कशी वळवायची यालाही नियम आहेत, मनाला येईल तशी वाकवली तर चालत नाही. जानराव मान डोलावत होते. मग त्यांनी विचारलं की नळीला रंग द्यायचा हुकूम आला आहे का.

मेकॅनिक म्हणाला, आला आहे, पुढच्या आठवड्यात कोणीतरी येणार आहेत.

“बाहेरूनच देजो,” जानराव त्याला मराठीतच म्हणाले. ते त्याला कळलं नाही, म्हणून मग हिंदीत सांगितलं, दोनदा. येताना आम्ही बाजारातून भाजी घेतली.